विश्लेषण : पत्रकार संरक्षण कायदा असूनही तालुक्याचा वार्ताहर एकटाच का?

कोकणातील पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ महामार्गावर मोटारीने धडक दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. अटक झालेल्या जमीन व्यावसायिकाविषयी त्यांनी लिहिलेली बातमी धडकेच्या दिवशीच छापून आली होती. खुनाचे कलम मात्र नंतर, पत्रकारांच्या निषेधानंतर लागले. तेव्हा राज्यात पत्रकार संरक्षण कायदा लागू होता.

कायदा काय सांगतो?

असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. विधिमंडळाने तो एप्रिल २०१७ मध्ये मंजूर केला, अंमल २०१९ मध्ये सुरू झाला. कर्तव्यावरील पत्रकारावर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र, तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. वैद्यकीय खर्चही दोषीकडून वसूल होतो. तक्रार खोटी ठरल्यास मात्र शिक्षा तक्रारदाराला.

मग अडते कुठे?

‘पत्रकार’ म्हणजे माध्यम संस्थेत नियमित किंवा करारावर नेमलेली व्यक्ती, अशी व्याख्या आहे. तालुक्याच्या अनेक वार्ताहरांकडे ओळखपत्र असते, नियुक्तीपत्र नसते. मानधन तुटपुंजे, जोडीला जाहिराती आणायचे काम. म्हणजे ज्या पुढाऱ्याविरुद्ध लिहायचे, त्याच्याकडेच वाढदिवसाची जाहिरात मागायची! हल्ला झाल्यावर आपण कामावर होतो, हे सिद्ध करायची वेळ आली तर कागद कुठून आणणार?

शारीरिक हल्ल्याची निदान नोंद होते. त्याआधीच्या दबावाची होत नाही. रात्रीचे फोन, व्हॉट्सॲप ग्रुपवर बदनामी, नातेवाइकांकरवी ‘जरा जपून लिहा’ असा निरोप, वकिलाची नोटीस. मुंबईतल्या पत्रकाराला निदान गर्दीत हरवता येते. तालुक्याच्या गावी मात्र तोच माणूस बाजारात, लग्नात, मुलांच्या शाळेत समोर येतो. झोप उडते, घरचे बातमीदारी सोड म्हणतात, आणि एखादा विषय लिहिलाच जात नाही. न लिहिलेल्या बातमीची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात नसते.

वृत्तपत्रांना काय करता येईल?

सारा भार सरकारवर टाकून चालणार नाही. धमकी आल्यास पोलिसांत तक्रार संपादकाने संस्थेच्या नावाने द्यावी, नोटिशीला उत्तर संस्थेच्या वकिलाने द्यावे. धोक्याच्या बातमीवर वार्ताहराचे नाव छापायचे की नाही, हे त्यालाच विचारून ठरवावे. अपघात, आत्महत्या यांचे सलग वार्तांकन करणाऱ्याला सुटी आणि गरज पडल्यास समुपदेशकाचा खर्च मिळावा. यातल्या कशासाठीही नवा कायदा लागत नाही. नियुक्तीपत्रासाठीही नाही.