वेगाचा मोह आणि तापणारा मोबाईल

आजकाल घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मोबाईल हळू चालतो. गेम मध्येच अडकला की तरुण पोरांचा जीव वरखाली होतो. मग कुणीतरी सांगतो, "प्रोसेसरचा वेग वाढवून घे, नव्यासारखा पळेल." हा सल्ला मानण्याआधी चार गोष्टी समजून घ्याव्यात, असे आम्हाला वाटते.

मोबाईल हा हातात मावणारा संगणकच आहे आणि प्रोसेसर त्याचा मेंदू. दोन गिगाहर्ट्झ वेग म्हणजे सेकंदाला दोनशे कोटी ठोके. कंपनीने घातलेल्या मर्यादेपुढे वेग न्यायचा तर बहुधा विजेचा दाबही वाढवावा लागतो. वेग 20 टक्के आणि दाब 10 टक्के वाढवला, तर विजेचा खर्च सुमारे 45 टक्के वाढतो. ही सारी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते आणि बहुतेक मोबाईलला पंखा नसतो.

1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये आपल्या वस्त्यांतील किती तरी वडीलधाऱ्यांनी हयात घालवली. यंत्र बेताबाहेर पळवले की सूत तुटते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्यात आपले नागपूर! 23 मे 2013 रोजी येथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. अनेक फोनच्या माहितीपत्रकात मात्र 35 अंशांपर्यंतच वापरावा, असे छापलेले असते. उन्हात फोन आपणहून मंद होतो, तो बिघाड नव्हे, बचाव आहे. तो बचाव काढून टाकला तर फोन अचानक बंद पडतो, बॅटरी लवकर खराब होते, फुगूही शकते. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जही करू नये.

वेग वाढवण्यासाठी फोनचे कुलूप तोडावे लागते. त्याला 'रूट' करणे म्हणतात. त्यात फोटो आणि नंबर पुसले जाऊ शकतात, वॉरंटी जाऊ शकते आणि बँकेची व पैसे पाठवण्याची अनेक ॲप चालेनाशी होतात. ज्या घरातला मुलगा त्याच फोनवर डिलिव्हरीची कामे घेतो, त्या घराची रोजीच बंद पडेल. रूट न करता वेग वाढवून देतो म्हणणारी 'बूस्टर' ॲप तर प्रोसेसरच्या मर्यादेला हातही लावू शकत नाहीत.

मग उपाय काय? डिसेंबर 2017 मध्ये ॲपल कंपनीने मान्य केले, की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग तिने मुद्दाम कमी केला होता. फोन अचानक बंद पडू नये, हे त्यामागचे कारण. ग्राहकांना आधी नीट सांगितले नाही म्हणून लोक संतापले. पण बॅटरी बदलताच असे फोन पुन्हा पूर्ववत चालू लागले. म्हणून फोन मंदावला तर आधी बॅटरी तपासावी, नको असलेले व्हिडिओ काढून जागा मोकळी करावी. दुपारी तो गाडीच्या हँडलवर उन्हात ठेवू नये, चार्जिंगला लावून गेम खेळू नये.

घामाच्या पैशाने घेतलेली वस्तू आहे. ती दोन दिवस पळण्यापेक्षा चार वर्षे चाललेली बरी.