ट्रंकेत मावेल एवढीच रेल्वे

मॉडेल रेल्वे हा मोठ्या घराचा छंद आहे, असं आपल्याकडे सरसकट मानलं जातं. फौजेत तर हा समज अधिकच पक्का. "आत्ता कुठं हो? दर अडीच वर्षांनी बिस्तरा बांधायचा. रिटायर झालो, स्वतःचं घर झालं, की एक अख्खी खोली रेल्वेला देणार!" हे वाक्य मी निरनिराळ्या मेसमध्ये, निरनिराळ्या रँकच्या लोकांकडून ऐकलं आहे. माझं मत असं, की हा बेत बहुतेक वेळा फसतो. बदलीच्या नोकरीत, सरकारी क्वार्टरच्या कोपऱ्यात जी रेल्वे उभी राहते, तीच खरी चालते.

माझ्या ओळखीचे एक सीनियर आहेत. वीसेक वर्षं त्यांनी इंजिनं जमवली. कुणी परदेशी कोर्सला निघालं, कुणी यूएन मिशनवर गेलं, की सरांची यादी सोबत. खोकी न उघडता ट्रंकेत जायची, कारण 'मोठा लेआउट' व्हायचा होता. निवृत्तीनंतर फ्लॅट झाला, तिसऱ्या खोलीत देवघर आलं, मग नातवंडं आली. आता खोली रिकामी करून मिळाली तरी बारीक वायरला सोल्डर लावणं डोळ्यांना झेपत नाही. बऱ्याच इंजिनांमधलं ग्रीस सुकून गोंदासारखं झालं आहे. सर हे हसत सांगतात, पण खोक्यांना कुणाला हात लावू देत नाहीत. अशी खोकी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत; आत रेल्वेच असते असं नाही.

म्हणून जागा कमी आहे हे गृहीत धरूनच बोलू या. आपल्याला अकादमीपासून ॲप्रिसिएशन शिकवलेलं आहे. आधी उद्दिष्ट, मग घटक, मग पर्याय आणि शेवटी प्लॅन. लेआउटलाही हाच क्रम चालतो. बहुतेक लोक प्लायवुडच्या मापापासून सुरुवात करतात, म्हणजे उद्दिष्ट न ठरवताच जमीन पाहायला निघतात.

उद्दिष्ट एका वाक्यात लिहून काढा. गाडी फिरताना पाहायची आहे, की गाडी चालवायची आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या फळीवर गोल रूळ टाकला, की गाडी स्वतःच्याच शेपटीचा पाठलाग करते. पाचव्या फेरीनंतर घरातलं लहान मूलही टीव्हीकडे वळतं. मला चालवायची आहे. तुमचं उत्तर वेगळं असू शकेल, पण ते कागदावर हवं.

आता घटक. एचओ हे जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण, १:८७. आपल्या ब्रॉडगेजवरचं सर्वांत तीव्र वळण १० अंशांचं धरतात, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. एचओमध्ये ती दोन मीटर होते. गाडी अर्धवर्तुळात फिरवून परत आणायची, तर चार मीटर रुंद जागा हवी. आमच्या सध्याच्या क्वार्टरमधली बेडरूम त्याहून लहान आहे. खेळण्याच्या सेटमध्ये १८ इंच त्रिज्येचे रूळ येतात; ते प्रत्यक्षात ४० मीटर त्रिज्येचं वळण झालं. त्यावर लांब प्रवासी डबे वळताना बाहेर लटकलेले दिसतात.

दुसरा घटक लांबीचा. जुना निळा आयसीएफ डबा साडेबावीस मीटरच्या आतबाहेर, एचओमध्ये पंचवीस सेंटीमीटरहून थोडा जास्त. २४ डब्यांची एक्सप्रेस सहा मीटरच्या वर जाते, आणि तिच्यासाठी प्लॅटफॉर्मही तेवढाच लागतो.

तिसरा घटक चढाचा. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर साडेसात सेंटीमीटर तरी उंची मिळवावी लागते. ३३ ला १ अशा कडक चढावरही त्यासाठी अडीच मीटर लांबी जाते, आणि खाली उतरायला पुन्हा तितकीच.

तिन्ही घटक एकाच दिशेला बोट दाखवतात. छोट्या जागेत मेन लाइनची एक्सप्रेस नको. उरतात दोन चांगले पर्याय.

पहिला पर्याय डोंगरातल्या छोट्या रेल्वेचा. कसौली, डगशाई, सुबाथूला पोस्टिंग काढलेल्यांनी कालका-सिमला गाडी पाहिलेली असेलच. १९०३ साली सुरू झालेली ही लाइन ७६२ मिलिमीटर गेजची आहे आणि तिचं सर्वांत तीव्र वळण ४८ अंशांचं, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर त्रिज्येचं. १:८७ ने भागलं की ४२ सेंटीमीटर! म्हणजे एका टेबलावर बसणारं वळण, आणि त्यात तडजोड काहीच नाही. खरी रेल्वेच तशी आहे. गेजचं गणितही जुळतं. ७६२ मिलिमीटरचे ८.८ होतात, आणि एन प्रमाणाचा ९ मिलिमीटरचा तयार रूळ बाजारात मिळतो. योल-पठाणकोटकडची कांगडा व्हॅली लाइन याच गेजची. आपली १९०७ ची नेरळ-माथेरान त्याहून अरुंद, ६१० मिलिमीटरची.

डोंगरात रेल्वे बांधणाऱ्यांनाही जागेचीच चणचण होती. बोरघाटात १८६३ साली गाडी सुरू झाली, तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. वळायला जागा नव्हती, म्हणून गाडी एका टोकाला थांबून उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग होईपर्यंत हेच चाललं. दार्जिलिंगच्या गाडीचे झेड आकाराचे टप्पे आजही पाहता येतात. फळीवर हीच युक्ती करा, एका फुटाच्या रुंदीत दोन पातळ्या बसतात.

दुसरा पर्याय मालधक्क्याचा, आणि माझं मत यालाच. ॲलन राइट नावाच्या इंग्रज छांदिष्टानं इंग्लनुक सायडिंग्ज म्हणून एक लेआउट बनवला. दोन सांधे आणि तीन सायडिंग, एवढाच पसारा. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. शंटिंगच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी, त्याहून एकही जास्त नाही. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच काढायच्या आणि त्या नेमक्या क्रमानं गाडी लावायची. वाघिणी हातानं उचलायच्या नाहीत.

ऐकायला पोरखेळ वाटतो. आठातून पाच वाघिणींचे क्रम होतात ६,७२०. रोज एक डाव खेळलात तरी अठरा वर्षं पुरतील. तेवढ्यात जवानाची पंधरा वर्षांची पेन्शनची सेवा पुरी होऊन वर तीन वर्षं उरतात. सुरुवातीला शंटिंगचा रूळ दोन वाघिणींनी लांब असता तर, असं वाटत राहतं. पण तो लांब केला की खेळातला जीवच जातो. सारी गंमत त्या आखूडपणात आहे.

मापं काढू. जुनी चारचाकी बंद वाघीण एचओमध्ये सुमारे नऊ सेंटीमीटर. पाच वाघिणींचे ४५, शंटिंगच्या रुळाचे इंजिनासह ४१, दोन सांध्यांचे ४०, आणि शेजारच्या रुळावरची वाघीण घासू नये म्हणून सोडायचे १०. झाले १३६. बफर स्टॉप, फळ्यांचा जोड आणि थोडी मोकळीक धरून १६० सेंटीमीटर. म्हणजे ८० सेंटीमीटरच्या दोन फळ्या, रुंदी ३०. माझ्या मोठ्या काळ्या ट्रंकेची आतली लांबी ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटीमीटर. बसलं! खोली बदलते, राज्य बदलतं, ट्रंक तीच राहते. म्हणून माप घ्यायचं ते ट्रंकेचं.

बांधणीतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सांधा फळ्यांच्या जोडावर येऊ देऊ नका. पहिला एका फळीवर, दुसरा दुसऱ्या. दोन, जोडापाशी रुळांची टोकं पितळी स्क्रूंना सोल्डर करा, नाहीतर पहिल्याच बदलीत ती वाकतात. तीन, गोदाम, झाडं, सिग्नल एका ठरावीक उंचीच्या आत ठेवा. दोन्ही फळ्या समोरासमोर धरून टोकांना प्लायचे तुकडे आवळले की त्यांचीच पेटी होते. मांडताना मात्र टेबलापेक्षा उंच, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर मांडा. सँड मॉडेल आपण वरून पाहतो, तो कमांडरचा नजारा. रेल्वे सांधेवाल्याच्या उंचीवरून पाहायची असते.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, एवढ्याशा फळीत भव्यता कुठली? खरं आहे, भव्यता नाही. ती पाहायची तर पुण्यात कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जावं, मुलांना न्यावं, डोळे भरून पाहावं. पण ते काम आयुष्यभराचं आणि एका जागी मुळं धरून केलेलं. आपली मुळं ट्रंकेत असतात.

दुसरा आक्षेप, फील्ड पोस्टिंगमध्ये काय? फळी कुटुंबाजवळ राहते, आपण वर. गेल्या फील्ड टेन्युअरमध्ये मुलगा घरी चिठ्ठ्या काढायचा आणि फोनवर वाघिणींचा क्रम सांगायचा. मी बंकरमध्ये आठ आगपेट्यांवर आकडे लिहून तोच डाव मांडायचो. कमी चालीत कोण सोडवतो यावर पैज. लाइन दोन मिनिटं मिळायची. "जेवलास का, अभ्यास झाला का" एवढं विचारून बाप-लेकाचं बोलणं संपतं, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना त्या दोन मिनिटांची किंमत सांगायला नको. तो बहुतेक वेळा जिंकायचा. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. मी रिटायर होईन तेव्हा तो कुठल्या शहरात, कुठल्या नोकरीत असेल, देव जाणे. मोठ्या खोलीची वाट पाहिली असती, तर खोलीत मी एकटाच असतो.

म्हणून सर्व्हिंग मित्रांना आणि निवृत्त सरांनाही विनंती. या रविवारी एक कागद घ्या. वर उद्दिष्ट लिहा, खाली ट्रंकेची किंवा गॅलरीतल्या कोपऱ्याची लांबी. दोन सांधे, तीन रूळ काढा. आठ आगपेट्या घरात असतातच. आधी त्यांच्यावर डाव खेळून पाहा. आवडला तरच फळी कापा. आणि कपाटावर वीस वर्षं न उघडलेली खोकी असतील, तर त्यातलं एक इंजिन बाहेर काढा, ग्रीस पुसा, तेलाचा एक थेंब सोडा. बघा चालतंय का.

जय हिंद.