पसारा, बक्षीस आणि शिक्षा

घटस्थापना जवळ आली की करवीरनगरीत झाडलोटीची लगबग उडते. श्रीअंबाबाईच्या मंदिराचा कानाकोपरा धुऊन निघतो, देवीचे अलंकार उजळले जातात, घरोघरी अंथरुणे-पांघरुणे धुण्यास निघतात. पसाऱ्यात स्वस्थ बसलेली असतात ती लेकरे!

त्यांना उठविण्यासाठी आम्ही एक युक्ती योजिली होती. नातवाने दप्तर जागेवर ठेविले की एक रुपया द्यावयाचा. महिनाभर घर लखलखीत. मग एके सकाळी त्यास देवघरातील निर्माल्य उचलावयास सांगितले, तर त्याने हात पुढे केला, "आजोबा, याचे किती?" चूक त्याची नव्हे, हा व्यापार आम्हीच मांडला होता.

म्हणून खाऊ देऊच नये काय? तसे नाही. आरतीनंतर प्रसाद मिळतोच. परंतु तो टाळ्या मोजून कोणी वाटीत नाही. श्रीगाडगेबाबा दिवसा स्वतः गाव झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. बाबांच्या हाती खराटा पाहून लोक खराटा घेत. त्यांच्याच नावाने राज्यशासनाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान आरंभिले, गावांना बक्षिसे दिली. कीर्तनानिमित्त हिंडताना त्यातील काही गावे आम्ही पाहिली. कोठे सवय अंगी मुरली, कोठे स्पर्धा सरताच खराटा कोपऱ्यात गेला. बक्षिसाने आरंभ होतो, एवढेच खरे.

आता शिक्षेविषयी. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडल्यास दरमहा एक रुपया दंड होता, आणि तो पालकास! आमच्या घरांतून नेमके उलट चालते. वडिलांचे वर्तमानपत्र झोपाळ्यावर विस्कटलेले, आणि चेंडू उचलला नाही म्हणून पोराला सणाच्या पानावरून उठविणे. हे आम्हांस पाप वाटते. न उचललेला चेंडू उद्यापर्यंत फडताळात ठेवावा, तेवढे पुरे. पतंजलींनी नियमांत शौचाला पहिले स्थान दिले आहे, आणि नियम म्हटला की तो आधी स्वतःने पाळावयाचा असतो.

खंडेनवमीला पूजेत मांडावयाच्या पोथ्यांचे कपाट यंदा आम्ही आजोबा-नातू मिळून आवरीत आहोत. पहिल्या दिवशी त्याने सवयीने हात पुढे केला. आम्ही त्यावर फडके ठेविले. तीन दिवस झाले, कपाट अजून निम्मे बाकी आहे.