ताम्रपटात कातडं आहे, माणूस नाही

दोस्तांनो, सुट्टीत इतिहास पाहायला निघालात? मग जामच्या चौकात उतरा. वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. नागपूरहून आलेला हमरस्ता इथे फुटतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादला, एक वरोऱ्यावरून चंद्रपूरला, एक वर्ध्याला. ट्रक, ढाबे, एस्टीची वाट पाहणारी बायामाणसं. इथे पाहायला काय ठेवलंय, असं कोणीही म्हणेल. म्हणूनच घटकाभर उभे राहा. इथून कुठल्या रस्त्याला लागायचं हे ठरवणं म्हणजेच कोणाचा इतिहास पाहायचा हे ठरवणं.

सहलीची बस वर्ध्याकडे वळते. तुम्हीही वळा. पाहू नका असं आम्ही म्हणत नाही. हात जोडून पाहू नका, एवढंच म्हणतो.

पवनार घ्या. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. तिथली जमीन खणताना वाकाटक काळातली शिल्पं निघाली. पाचव्या शतकातल्या दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. दुसरे म्हणतात, मनसर. भांडू द्या पंडितांना. आपला सवाल वेगळाय. ह्याच प्रवरसेनाचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यात चम्मकला सापडला. राजाने अख्खं गाव देऊन टाकलं, हजार ब्राह्मणांना. त्यातल्या ४९ जणांची नावं गोत्रासकट तांब्यावर कोरली. वर गावाला माफ्या. सैनिकांनी शिरायचं नाही. फिरत्या अधिकाऱ्यांना गवत, बसायला कातडी, कोळसा पुरवायचा नाही.

म्हणजे ज्या गावांना माफी नव्हती ती हे सगळं पुरवत होती! मग विचारा ना, ते कातडं ढोराच्या अंगावरून आपोआप निघत होतं काय? कोणीतरी मेलेलं जनावर ओढलं, सोललं, कमावलं. दीड हजार वर्षं झाली, फुकट जमीन घेणाऱ्यांची नावं शाबूत आहेत आणि सोलणाऱ्याचं नाव नाही. ताम्रपटात कातडं आहे, माणूस नाही. इतिहास म्हणून जे काचेच्या पेटीत ठेवतात त्याचा कायदा हा असा आहे.

आता वर्धा शहर. १९२८ साली जमनालाल बजाजांनी इथलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी उघडलं. उघडलं, चांगलं केलं. ज्याच्या हातात किल्ली होती त्याचं नाव पुस्तकापुस्तकात आहे. पण तोवर बाहेर कोण उभं होतं? पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं ते कोणी? दार उघडणारा इतिहासपुरुष, आणि बाहेर उभा राहिलेला? तो ‘अस्पृश्य’, म्हणजे गर्दी, बिननावाची. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९२७ मध्ये, महाडला बाबासाहेबांनी कोणाच्या किल्लीची वाट पाहिली नव्हती.

पुढे सेवाग्राम. गांधी इथे राहायला आले ते ३० एप्रिल १९३६ ला. गावाचं नाव तेव्हा सेगाव, सेवाग्राम झालं १९४० साली. पुणे कराराला तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. आता दुसरी तारीख शेजारी मांडा. मे १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेलं भाषण बाबासाहेबांनी स्वतःच्या पैशाने छापलं, ‘जातिनिर्मूलन’. जुलैत गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर लिहिलं, बाबासाहेबांनी पुढच्या आवृत्तीत उत्तर दिलं. तेव्हा बापू कुटी पाहायला जाल तर हे पुस्तक खिशात घालून जा. झाडाखाली बसा आणि दोघांचंही वाचा. कुटीचा साधेपणा सगळ्यांना दिसतो. साधेपणाने जात मोडते काय, हा सवाल कुटीत टांगलेला नसतो, तो आपणच न्यावा लागतो.

मग परत जामला या आणि चंद्रपूरचा फाटा धरा. भद्रावतीला विजासनच्या टेकडीत लेणी आहेत. डोंगराच्या पोटात लांब अंधारी वाट, आणि शेवटी बुद्ध बसलेला. पुढे चंद्रपूर. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ झाला आणि दोनच दिवसांनी, १६ तारखेला, बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली. सवड असेल तर भंडारा जिल्ह्यात पवनीलाही जा. १९६९-७० च्या उत्खननात तिथे जगन्नाथ टेकडीखाली स्तूप निघाला. वर जगन्नाथ, खाली बुद्ध! त्या स्तूपाच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. नीट ऐका. ताम्रपटावर नाव घेणाऱ्याचं, स्तूपावर नाव देणाऱ्याचं. दोन इतिहास आहेत ते हे.

इथवर टाळ्या वाजवल्या असतील, तर थांबा. आता आपली पाळी.

दिवसातून दहादा आपण ‘जयभीम’ म्हणतो. हे अभिवादन रुजवणारे कामठीचे बाबू हरदास, १९०४ ला जन्मले, १९३९ ला वारले. किती पोरांना ठाऊक आहेत? १४ एप्रिलला डीजेला वर्गणी निघते, वस्तीचा इतिहास लिहायला वहीचे पैसे निघत नाहीत! नागपूरजवळ चिचोलीला बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आज पाहायला मिळतात, त्या वामनराव गोडबोल्यांसारख्या आपल्याच माणसांनी जपल्या म्हणून. सरकार मागाहून आलं. पण बाबासाहेबांचा कोट जपला म्हणजे आपलं काम संपलं काय? त्या मैदानात लाखो होते. कोणी बैल विकून आलं, कोणी उपाशी चालत आलं, कोणी घरी परतून देव्हारा उचलला आणि नदीत सोडला. त्यांची नावं कुठायत? ‘लाखो अनुयायी’ म्हणून मोकळं होणार असाल, तर प्रवरसेनाच्या कारकुनात आणि तुमच्यात फरक काय?

१९५६ साली वीस वर्षांची असलेली पोरगी आज नव्वदीत आहे. ती खाटेवर पडलीय, तुमच्याच गल्लीत. तिला अजून आठवतंय. पुढच्या सुट्टीपर्यंत आठवेलच, ह्याची हमी कोण देतो?

म्हणून एक दोनशे पानी वही घ्या. जिल्ह्याचं म्युझियम पाहून आलात की त्याच दिवशी म्हातारीच्या खाटेजवळ बसा. विचारा: आजी, तुझं नाव काय, बापाचं काय, गाव कोणतं, नागपूरला कशी गेलीस, पांढरं लुगडं कोणाकडून आणलंस, परतल्यावर गावाने काय केलं? पाटलाने विहीर बंद केली? कामावरून काढलं? ती बोलेल तसंच लिहा, तिच्याच भाषेत, शुद्ध करायच्या भानगडीत पडू नका. तिच्या पेटीतला फोटो, जुनी पावती, नवऱ्याचं गिरणीतलं हजेरीकार्ड, सगळ्याची नोंद करा.

तांबं त्यांच्याकडे होतं. कागद आपल्याकडे आहे, लिहिता येतं. आता नाव राहिलं नाही, तर दोष राजाचा नाही, आपला.

जयभीम.