पोटजातीचा रकाना

गेल्या दिवाळीत मुलीने डीएनए चाचणीची डबी घरी आणली. मी नळीत लाळ भरून पाठवली आणि काही आठवड्यांनी अहवाल आला: बराचसा दक्षिण आशिया, थोडा मध्य आशिया. पुढे आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात तिघाचौघांनी आपापले आकडे सांगितले. मध्य आशियाचा टक्का सांगताना प्रत्येकाचा आवाज किंचित चढला. तो ऐकल्यापासून हा लेख मनात आहे.

ते टक्के म्हणजे पूर्वजांची शिरगणती नव्हे. प्रयोगशाळा आपल्या डीएनएमधल्या काही लाख जागा वाचते आणि आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघते. नमुने वाढले की टक्के बदलतात, लाळ तीच राहते. मी थांबलो ते आईकडून, तिच्या आईकडून, अशा मागे जाणाऱ्या ओळीपाशी. माझी शाखा ‘एम’ निघाली. भारतात सर्वांत जास्त लोकांची हीच आहे, मग आडनाव कुठलंही असो. ती ‘एल३’ या आफ्रिकेतल्या शाखेपासून फुटलेली. साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी तिकडून निघालेल्या माणसांची आपण सगळी लेकरं आहोत, हे शाळेत वाचलं होतं. स्वतःच्या नावाच्या कागदावर वाचताना अंगावर काटा आला.

मी औरंगपुऱ्यात वाढलो, आणि आमच्या शहराची कथाही आफ्रिकेतूनच सुरू होते. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी गावी नगर वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी शहरात खेळवणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. १६२४ साली भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. खुलताबादला त्याची कबर आहे. ज्याच्या नहरीचं पाणी आमच्या किती पिढ्या प्यायल्या, त्याला परका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्यानेच बांधलेल्या भडकल गेटपाशी आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथे माणसांचा पूर लोटतो. दहा वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावरून मी तो पाहिला आहे.

९ मे १९१६ रोजी, पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. रिस्लेसारखे ब्रिटिश अधिकारी नाकांची मापं घेऊन जातींचे वंश ठरवत होते, तो हा काळ. बाबासाहेबांनी मांडलं ते उलटं: इथले लोक आधीच एकमेकांत मिसळलेले आहेत, जात उभी राहते ती लग्न आपल्यातच करायच्या बंधनावर. त्यांच्या हाती रक्ताचा एक थेंबही तपासलेला नव्हता.

२०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी ७३ समाजगटांतल्या ५७१ जणांचा डीएनए तपासला. त्यातून दिसलं की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथे मोठी सरमिसळ झाली होती. डोंगरांत राहणारे भिल्लही तिच्यातून वगळले गेले नाहीत. मग गटागटांनी दारं लावून घेतली. म्हणजे वेगळेपणा नंतर आला, सरमिसळ आधीची.

कुणी म्हणेल, दोन हजार वर्षं काय थोडी आहेत? साठ हजारांपुढे थोडीच. आणि त्या बंद दारांची किंमत मुलांना मोजावी लागते. २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गट इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले की त्यांनी फिनलंडच्या लोकांना आणि अश्केनाझी ज्यूंनाही मागे टाकलं. अशा गटात आईवडील दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते आणि दुर्मीळ आनुवंशिक आजार बाळाच्या वाट्याला येऊ शकतो. आपल्यातले डॉक्टर हे जाणतात, पण स्थळ बघायला बसलं की कुणी बोलत नाही.

परदेशात संस्कृती टिकवायची म्हणून जातीतच लग्न करायचं बंधन सांभाळलं पाहिजे, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. टिकवूया ना. पण मराठी काही लाळेच्या नळीतून येत नाही. ती आजीने पोळी लाटता लाटता सांगितलेल्या गोष्टीतून येते, रविवारच्या शाळेतल्या बाराखडीतून येते. माझ्या मुलीची सर्वांत चांगली मराठी बोलणारी मैत्रीण सिंधी घरातली आहे.

आपल्या वधू-वर मेळाव्याच्या अर्जात नाव, शिक्षण, नोकरी यांच्याखाली ‘जात/पोटजात’ असा रकाना आहे. गेल्या वर्षी मुलीचा अर्ज भरताना मीही तो भरला. हात थांबला नाही, याची आज खंत वाटते. येत्या वार्षिक सभेत तो रकाना काढून टाकण्याचा ठराव मी मांडणार आहे. त्याऐवजी कुटुंबातल्या आनुवंशिक आजारांची माहिती विचारावी, तीही ऐच्छिक आणि गोपनीय. अनुमोदनासाठी एक नाव हवं आहे. ज्यांना द्यावंसं वाटतं त्यांनी सभेआधी मला जरूर सांगावं.