वेताच्या खुर्चीपलीकडे

यंदाही अनेक घरांत अंध कारागिरांच्या हातच्या मेणबत्त्या लागतील. महाबळेश्वरचे भावेश भाटिया मुंबईत ‘नॅब’ या अंधांसाठीच्या संस्थेत मेणबत्त्या करायला शिकले, गावात हातगाडीवर विकू लागले आणि त्यातूनच ‘सनराइज कँडल्स’ हा उद्योग उभा राहिला. तिथे अंध माणसं नोकरी करतात, पगार घेतात. या पगाराचं मोल मला फार वाटतं.

पण मेणबत्ती, वेताची खुर्ची आणि टेलिफोनचा बोर्ड एवढ्यातच अंधांनी पोट भरावं, हे आपण परस्पर ठरवून टाकलं होतं. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, स्वयंचलित एक्स्चेंज आली आणि ही कामंही आटली. २००६ साली मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी ‘एनव्हीडीए’ हा, संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर विनामूल्य खुला करायला घेतला. आज तो मराठीही वाचून दाखवतो. हिशेब, भाषांतर, प्रोग्रॅमिंग, वकिली, सगळी दारं त्याने किलकिली केली.

मात्र संगणकाच्या वर्गापर्यंत जायला आधी घराबाहेर पडावं लागतं, आणि नेमकी तिथे आपली माया आडवी येते. ‘तू बस, मी करते’ म्हणत आई हातातली सुरी काढून घेते, गॅसजवळ फिरकू देत नाही. बाप पोराला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडतो, वर्षानुवर्षं. त्यांची काळजी खोटी नाही. पण या मुलाला उद्या एकट्याने राहायचं आहे. काठी चालवणं शिकावं लागतं: डावं पाऊल पडताना काठीचं टोक उजवीकडे टेकतं, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासून होते. फोडणी झाली हे मोहरीच्या आवाजावरून, कांदा परतला हे वासावरून कळतं. सराव मात्र हवा, आणि सरावात एखादा चटका बसणारच. तो बसू द्यावा.

काही अडचणी तर आपणच घडवल्या. पाचशे आणि दोनशेच्या नव्या नोटांची रुंदी एकच, लांबीत फरक अवघा ४ मिलिमीटरचा. भाजीबाजारातल्या गर्दीत तो बोटांनी कसा ओळखायचा?

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१६ साली यूपीएससी उत्तीर्ण झाल्या, तरी दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना नाकारलं. पुढच्याच परीक्षेत १२४वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. त्याच २०१६च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी किमान ४ टक्के जागा राखल्या. त्यांतला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांचा. खासगी कंपन्यांवर असं बंधन नाही. तिथे सगळं निवड करणाऱ्याच्या मनावर.

आमच्या वाचकांत असे निवड करणारे पुष्कळ आहेत. त्यांना एक कळकळीची विनंती. अंध उमेदवार मुलाखतीला आला, तर ‘रोज येणार कसे?’ असं विचारू नका. तो आलाच आहे. संगणकावर स्क्रीन रीडर घालून द्या, कामाची चाचणी घ्या आणि पगाराचं बोला.