पेटीतली गाडी, रुळावरची गाडी

खेळण्यातील जुन्या आगगाड्या जमविणारी प्रौढ मंडळी जगात पुष्कळ आहेत, हे ऐकून काही वाचकांना हसू येईल. परंतु शंभर वर्षांपूर्वीचे पत्र्याचे इंजिन घासूनपुसून, तेल घालून पुन्हा धावते करणाऱ्या या मंडळींच्या छंदात गृहस्थ श्रावकाने विचारात घ्यावा असा एक प्रश्न दडलेला आहे. वस्तू जपणे कोठे संपते आणि वस्तूत गुंतणे कोठे सुरू होते?

इंग्लंडमधील हॉर्नबी गाड्यांचे उदाहरण घेऊ. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्या जोडण्याच्या खेळाचे पेटंट घेतले. तोच खेळ पुढे ‘मेकॅनो’ या नावाने घरोघर पोहोचला. १९२० मध्ये त्यांच्या कंपनीने चावीची आगगाडी बाजारात आणली. तिच्या दोन रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर होते. आरंभीच्या या गाड्या नटबोल्टने जोडलेल्या असल्यामुळे मुलांना त्या खोलून पुन्हा जुळविता येत. १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही सुमारे निम्म्या आकाराची मालिका आली. तिच्या विजेवरील गाड्यांना तीन रूळ असत. मधल्या रुळातून १२ व्होल्टचा प्रवाह इंजिनाला मिळे आणि बाहेरच्या रुळांतून तो परत जाई.

आज या गाड्यांचे मोल ठरते ते बहुधा त्यांच्या अस्पर्शित स्थितीवरून. मूळ पुठ्ठ्याची पेटी शाबूत असेल, रंगावर ओरखडा नसेल, तर किंमत कितीतरी वाढते. त्यामुळे काही संग्राहक गाडी पेटीतून बाहेरच काढीत नाहीत. याउलट दुसरा वर्ग ती नियमाने चालवितो. यंत्रातील घट्ट झालेले जुने तेल काढून टाकावे, आसांवर पातळ तेलाचा एकच थेंब सोडावा, रुळांवरील मळ पुसावा, चावीची स्प्रिंग ताणलेली ठेवून गाडी कपाटात टाकू नये, हे त्यांचे साधे नियम. पेटीत निजलेल्या इंजिनाचे तेल मात्र डिंकासारखे चिकट होते आणि चाके जखडतात. जपण्यासाठी म्हणून न वापरलेली वस्तू न वापरल्यामुळेच निकामी होते.

पेटीचे संरक्षण आणखी एका ठिकाणी थिटे पडते. त्या काळी चाके व इतर काही भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असत. त्या मिश्रणात शिशाचा थोडासा अंश जरी शिरला, तरी काही वर्षांनी तो भाग फुगतो, त्याला तडे जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. यावर इलाज नाही. नवा भाग बसवावा लागतो. पूरण आणि गलन हा पुद्गलाचा स्वभाव आपण प्रवचनात ऐकतो. संग्राहकाला तो बंद पेटीचे झाकण उघडताच दिसतो.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख मूर्च्छेवरून, म्हणजे ममत्वावरून, करून दिली आहे. या दृष्टीने पाहता दहा गाड्या बाळगून त्या मुलांना मोकळेपणाने दाखविणारा मनुष्य आणि एकच गाडी कोणाच्या हाती लागू नये म्हणून रात्रंदिवस धास्तावलेला मनुष्य यांचे मोजमाप केवळ संख्येने होणार नाही. तरीही संख्येला महत्त्व आहेच; म्हणून तर श्रावकाला परिग्रह-परिमाण व्रत सांगितले आहे. छंदालाही असे परिमाण घालता येते. कपाटाचे किती खण, वर्षाचा किती खर्च, हे आधी ठरवावे आणि नवी गाडी आणण्यापूर्वी एक दुसऱ्यास द्यावी.

खरी कसोटी लागते ती उतारवयात. संग्राहकाच्या पश्चात घरच्यांना ना त्या वस्तूंची नावे ठाऊक असतात, ना त्यांची निगा. आयुष्यभराची जपणूक भंगारात जाण्यास मग एक दुपार पुरते. म्हणून हात चालत असतानाच यादी लिहावी, देखभालीची रीत कोणाला तरी शिकवावी आणि जे चालवतील त्यांच्याकडे गाड्या सोपवाव्यात. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आपल्या छंदातून उभारलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. एका घराचा छंद अनेक घरांतील मुलांच्या आनंदाचे साधन कसा होतो, हे तेथे पाहावयास मिळते.

आपल्या घरी आगगाड्या नसतील. पण माळ्यावर न वापरलेली भांडी, पेटीत घडी न मोडलेल्या साड्या आणि कपाटात कोणी न उघडलेले ग्रंथ असतीलच. येत्या दशलक्षण पर्वात उत्तम त्याग आणि उत्तम आकिंचन्य या दिवसांची वाट न पाहता, त्यांतील एखादी पेटी या आठवड्यातच सहकुटुंब उघडून पाहावी. जे उपयोगाचे आहे ते वापरात आणावे आणि जे दुसऱ्याच्या उपयोगाचे आहे ते त्याच्या घरी पोहोचते करावे.